उद्या सांगणारे मास्तर

पांढरकवड्यात ‘उद्या सांगतो’ म्हणणारी माणसं पुष्कळ होती. शिंपी म्हणायचा, सुतार म्हणायचा, दवाखान्यातला कंपाउंडरही म्हणायचा. पण उद्या सांगतो म्हणून खरोखरच दुसऱ्या दिवशी येऊन सांगणारा माणूस मी तिथं एकच पाहिला. ते म्हणजे वाचनालयाचे मास्तर. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. पण पुस्तकांच्या कपाटाची किल्ली ज्याच्याजवळ तो मास्तर, असं गावानं ठरवून टाकलं होतं. पुढं या सवयीमुळं लोक त्यांना ‘उद्यामास्तर’ म्हणू लागले. त्यांनाही ते ठाऊक होतं. “बरं नाव ठेवलं लोकाइनं,” ते म्हणत. “मले आजच सांगा लागलं असतं, त अर्धं खोटं सांगतलं असतं.”

मी जंगल खात्यात कारकून म्हणून त्या भागात गेलो, तेव्हा आमचा मुलूख जुन्या मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आल्याला जेमतेम वर्ष झालं होतं. मी वर्ध्याचा, चोवीस वर्षांचा, नोकरी नवी आणि ऐट त्याहून नवी. संध्याकाळी पेपर वाचायला वाचनालयात गेलो आणि टेबलामागं बसलेल्या किडकिडीत, काळ्यासावळ्या गृहस्थांना सहज विचारलं, वणीला जायची मोटार सकाळी किती वाजता सुटते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, उद्या सांगतो. मला मनातून हसू आलं. मोटारस्टँड तिथून शंभर पावलांवर होता.

दुसऱ्या दिवशी मी दारात उभा राहून दात घासत होतो, तर हे सायकल धरून समोर हजर. हातात एक चिठ्ठी. तिच्यावर गाड्यांच्या चार वेळा लिहिल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं की बाजाराच्या दिवशी दुसरी गाडी पॅसेंजर भरल्याशिवाय हलत नाही. सांगणारा, त्याच गाडीचा ड्रायव्हर. मी म्हटलं, एवढ्यासाठी कशाला त्रास घेतलात, टाइमटेबल तर भिंतीवर लावलेलं असेल. त्यावर ते म्हणाले, “टाइमटेबल मलेही पाठ आहे बाबूजी. पण गाडी टाइमटेबल वाचून थोडीच चालते.”

वाचनालय म्हणजे एक लांबट खोली, पुस्तकांची दोन कपाटं, मधोमध एक मोठं टेबल. पण मास्तरांचा खरा जीव होता तो जोड्यांच्या रिकाम्या खोक्यांत. निवडणुकीतली उरलेली पत्रकं आणून, ती चौकोनी कापून, त्यांच्या कोऱ्या पाठींवर ते बारीक अक्षरात माहिती लिहून ठेवत. फवाऱ्याचा पंप आर्णीला कोण दुरुस्त करतो, कुठल्या गावच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असतं, विहिरीच्या तगाईचा, म्हणजे सरकारी कर्जाचा, अर्ज कोणत्या कचेरीत कोणत्या वारी घेतात, सगळं. प्रत्येक चिठ्ठीवर चार गोष्टी असायच्याच. काय कळलं, कोणी सांगितलं, त्यानं स्वतः पाहिलं की ऐकलं, आणि कोणत्या दिवशी.

“कोण म्हणते?” हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. एकदा पावसाळ्यात हैदराबाद रोडवरचा पूल खचल्याची बातमी आली. ढाब्यावर ट्रकांची रांग लागली, आणि वाचनालयातही चर्चा सुरू झाली. कोण म्हणते, असं मास्तरांनी ज्याला-त्याला विचारलं, तर प्रत्येकजण दुसऱ्याकडं बोट दाखवायला लागला. शेवटी त्यांनी खोलीला कुलूप लावलं, डोक्यावर पोतं घेतलं आणि सायकलवरून सहा-सात मैल जाऊन आले. पूल जागेवर होता. पुलाच्या तोंडाशी सरकीची एक बैलगाडी उलटली होती, एवढंच. ओल्या कपड्यांनीच त्यांनी आधी चिठ्ठी लिहिली आणि मग ढाब्यावर जाऊन सांगितलं. ट्रक निघाले. मास्तरांना कोणी चहाही विचारला नाही, आणि त्यांना त्याचं काही वाटलेलंही दिसलं नाही.

त्यांच्या घरचं मला फार थोडं ठाऊक होतं. यवतमाळच्या एका छापखान्यात त्यांनी बारा वर्षं खिळे जुळवले होते. मॅट्रिक त्यांनी तिथंच, काम करता करता केलं. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, आणि त्यानंतर वर्षभरात वाचनालयाच्या कमिटीनं त्यांना नेमलं, कारण त्या पगारात दुसरं कोणी यायला तयार नव्हतं. मास्तर कधीच कोणाच्या हातात पुस्तक किंवा पेपर देत नसत. आधी टेबलावर ठेवत, मग वाचणाऱ्यानं उचलायचं. मला ती शिस्त वाटायची. वर्ष-दीड वर्षानं एकदा माझ्या लक्षात आलं की गावातली काही मंडळी त्यांच्या हातून वस्तू घेत नव्हती, आणि कोणाचा हात मागं सरकू नये, म्हणून त्यांनी सगळ्यांसाठी एकच रीत करून टाकली होती. मी त्यांना त्याबद्दल कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नाही, ते मला आजही कळत नाही.

ज्या प्रकरणामुळं मी त्यांच्या जवळ गेलो, ते महाराष्ट्र झाल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यातलं. आमच्याकडच्या टेकड्यांवर रोशा नावाचं सुवासिक गवत उगवायचं. खेड्यातले लोक त्याला तिखाडी म्हणत. दसऱ्याच्या सुमाराला ते फुलावर आलं की कापायचं, नाल्याकाठी मोठमोठ्या डेगांत पाण्याबरोबर उकळायचं आणि वाफ निववून तेल काढायचं. ते तेल अत्तरासाठी आणि साबणासाठी मुंबईला जाई. एका शेठजींची अशी भट्टी होती, वडिलांपासून चालत आलेली. झरीकडच्या पोडांवरची, म्हणजे कोलाम लोकांच्या वस्त्यांवरची, कितीतरी घरं दोन-अडीच महिने त्या गवताच्या कापणीवर असत.

त्या वर्षी शेठजींचं तेल मुंबईहून परत आलं. तेलात भेसळ आहे, वास बरोबर नाही, असं व्यापाऱ्यानं कळवलं. आमच्या साहेबांच्या, म्हणजे रेंजरांच्या, कानावर ते गेलं. भेसळीचं तेल आपल्या जंगलाच्या नावावर विकलं जातंय म्हणून ते चिडले आणि ठेका रद्द का करू नये, अशी नोटीस त्यांनी शेठजींना काढली. शेठजी ऑफिसात येऊन म्हणाले की मी थेंबभरही काही मिसळलेलं नाही, खात्यानं दिलेलं गवतच खराब आहे. साहेबांनी त्यांना बसाही म्हटलं नाही. नोटीस मीच टाइप केली होती, त्यामुळं शेठजी जाताना माझ्याकडंही रागानं पाहून गेले.

मास्तरांना हे कळलं ते पोडावरच्या लच्छमाबाईंकडून. लच्छमाबाई पन्नाशीच्या पुढच्या, गवत कापणाऱ्या बायांची टोळी त्या चालवत. बाजाराला आल्या म्हणजे वाचनालयाच्या पायरीवर टेकत, आणि मास्तर त्यांना त्यांच्या मुलाचं पत्र वाचून दाखवत. त्या दिवशी त्यांनी विचारलं, भट्टी बंद होणार म्हणतात, खरं काय. बंद झाली, तर पोडावरच्या माणसांना कामासाठी नदीपलीकडं तेलंगणात जावं लागणार होतं, बायका-पोरांना मागं ठेवून. मास्तर म्हणाले, उद्या सांगतो. या वेळी मात्र त्यांच्या उद्याला दीड महिना लागला, आणि त्या दीड महिन्यात दर बाजाराला त्यांनी बाईंना अजून काय कळलं नाही, ते सांगितलं.

पहिल्यांदा ते माझ्याकडं आले. महायुद्धाच्या आधी इथं एक इंग्रज साहेब होता, त्यानं या जंगलातल्या गवतांवर काही लिहून ठेवलं होतं, असं आमचा म्हातारा चपराशी सांगतो; तो अहवाल ऑफिसात आहे काय, असं त्यांनी विचारलं. राज्य बदलताना आमच्याकडं नागपूरहून कागदांची पोतीच्या पोती आली होती. काही भोपाळला गेली, काही मुंबईला, उरलेली एका कपाटात कोंबली होती. ते कपाट उपसायचा मला कंटाळा होता. शिवाय खरं सांगायचं तर, वाचनालयाच्या माणसानं सरकारी कागदाची चौकशी करावी, हे मला आवडलं नव्हतं. मी म्हणालो, नाही.

“पाह्यलं काय तुमी?” मास्तरांनी विचारलं.

“पाहिलं,” मी म्हणालो.

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून तिथंच काहीतरी लिहिलं, नमस्कार केला आणि गेले.

आठ-दहा दिवसांनी मी वाचनालयात जंगलाच्या खोक्यात कसलीशी दुसरीच माहिती शोधत होतो, तर ती चिठ्ठी हाती लागली. ‘गवताचा जुना अहवाल जंगल ऑफिसात नाही.’ खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा, तारीख. आणि त्याखाली, ‘स्वतः पाहिलं.’ ऑफिसात मी तोवर लहानसहान खोटं किती वेळा बोललो होतो, त्याची मोजदाद नव्हती. ते हवेत विरून जायचं. हे मात्र माझ्या नावानिशी खोक्यात बसलं होतं. उद्या कोणीही येणार, ते वाचणार आणि खरं मानून पुढं जाणार. माझे कान तापले. चिठ्ठी मी होती तिथं ठेवली आणि घरी आलो.

पुढच्या रविवारी मी कपाट उघडलं. दिवसभर धूळ खाल्ली, सोमवारी संध्याकाळीही तेच केलं आणि अहवाल सापडला. कडा वाळवीनं खाल्ल्या होत्या, पण मधला मजकूर शाबूत होता. त्यात लिहिलं होतं की या टेकड्यांत रोशाच्या दोन जाती आहेत. उघड्या उतारावर येते ती चांगली, तिला व्यापारात मोतिया म्हणतात. खाली नाल्यांत, ओल्या सावलीच्या जागी येते ती दुसरी, सोफिया; तिचं तेल उग्र आणि हलकं. दिसायला दोन्ही जवळजवळ सारख्या. शेवटी एक वाक्य होतं: इथले कोलाम दोन्ही ओळखतात.

मी तसाच मास्तरांकडं गेलो. टेबलाशी उभं राहून सांगितलं की त्या दिवशी मी कपाट उघडलंच नव्हतं. खोक्यातून ती चिठ्ठी काढून त्यांनी समोर ठेवली.

“फाडून टाका ती,” मी म्हणालो.

“फाडाचं कायले?” ते शांतपणे म्हणाले. “तुमी तवा तसं सांगतलं, हे त खरंच आहे ना. खोडाचं. फाडाचं नाही.”

त्यांनी त्या ओळीवर एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘अहवाल आहे. वाळवी लागली आहे. सांगणारे, तेच.’ मग मी बरोबर नेलेला अहवाल त्यांच्यापुढं केला, तर त्यांनी तो उघडलाही नाही. सरकारचा कागद आहे, आधी तुमच्या साहेबांना दाखवा, ते हो म्हणाले तर मी पाहीन, असं म्हणाले. मला वाटलं होतं, त्यांना तो मिळवायचा आहे. त्यांना तो फक्त ज्याच्या कामाचा होता त्याच्यापर्यंत पोचवायचा होता.

दरम्यान त्यांनी दुसरीकडूनही धागा धरला होता. नागपूरच्या पेपरात चार ओळींची बातमी होती, तिथल्या एका कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी सुवासिक तेलांवर व्याख्यान दिल्याची. मास्तरांनी त्यांना जोडकार्ड टाकलं. कोणालाही काही विचारायचं, तर ते नेहमी जोडकार्डच टाकत. उत्तराचं कार्ड आधीच हातात असलं की माणसाला सबब राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. तेलात काही मिसळलंय की गवतच वेगळं होतं, हे तुम्हाला सांगता येईल काय, एवढंच त्यांनी विचारलं होतं. प्राध्यापकांचं उत्तर आलं, येईल, पण कुठलं गवत आहे ते आधी पक्कं माहीत हवं. तीन वर्षं मी बाजारातून तेलं आणून तपासतो आहे, आणि एकाचंही गाव मला कोणी सांगू शकत नाही.

मास्तर ते कार्ड घेऊन आधी शेठजींकडं गेले, मग आमच्या साहेबांकडं. शेठजींचा कॉलेजवाल्यांवर विश्वास नव्हता. आमच्या भट्टीची रीत शिकून घेतील आणि दुसऱ्याला सांगतील, असं त्यांना वाटे. साहेबांना शेठजींचं तोंड पाहायचं नव्हतं. मास्तरांनी कोणाची समजूत काढली नाही की कोणाला गोड बोलले नाहीत. साहेबांसमोर मी अहवाल ठेवला तेव्हा मास्तर तिथंच उभे होते. साहेबांनी ते पान दोनदा वाचलं आणि मला विचारलं, हे आपल्या कपाटात होतं? मी मान खाली घातली. साहेब तापट होते, पण सरळ होते. त्यांनी अहवाल मिटून बाजूला ठेवला आणि मास्तरांना विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे.

मास्तर म्हणाले, “माहं म्हणणं काहीच नाही साहेब. तुमच्याजवळ कागद आहे, शेठजीजवळ डेग आहे, प्रोफेसर साहेबाजवळ नळ्या आहेत, आन् लच्छमाबाईजवळ नाक आहे. चौघंही आपापल्या घरी बसून आहेत. एक दिवस चौघांइनं एका जागी उभं राहावं, बस.”

साहेब हसले. त्या प्रकरणात ते पहिल्यांदाच हसले असावेत.

तो दिवस मला स्पष्ट आठवतो. प्राध्यापक सकाळच्या मोटारीनं आले, बरोबर बाटल्यांची पेटी. आम्ही साहेबांच्या जीपमधून गेलो, शेठजी आपल्या ट्रकमधून. पोडाच्या खाली गाड्या ठेवून आम्ही उतारावर चढलो. लच्छमाबाई तीन-चार बायांसह आधीच येऊन बसल्या होत्या. सुनेशी त्या कोलामीत काहीतरी बोलल्या, मग उठल्या, उतारावरचं एक फूल तोडून तळहातावर चोळलं आणि प्राध्यापकांपुढं हात धरला. नंतर आम्हाला खाली नाल्यात नेलं, तिथलं फूल चोळलं आणि पुन्हा हात धरला. मीही वास घेतला. पहिला गुलाबाच्या जवळचा. दुसरा नाकात शिरून झोंबणारा. डोळ्यांना मात्र दोन्ही फुलं एकाच गवताची.

शेठजींनी बाईंना विचारलं की हे तुम्हाला ठाऊक होतं, तर दोन्ही एकत्र का कापलं.

“तुमच्या माणसानं सांगतलं, समदं कापा,” लच्छमाबाई म्हणाल्या. “मांगं उतारावरचंच कापत होतो. आता नवीन हद्द देली, तिच्यात नाला आला. कोन्तं चांगलं, कोन्तं वाईट, आमाले कोनी इचारलंच नाई.”

हद्दीचा नकाशा आमच्या ऑफिसातून गेला होता, आणि कापणीचा हुकूम शेठजींच्या माणसाचा होता. साहेबांनी शेठजींकडं पाहिलं, शेठजींनी साहेबांकडं. मग साहेबांनीच टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले की शेठजी, नोटिशीचं मी पाहतो, तुम्ही तुमची एक डेग दोन दिवस आम्हाला द्या.

दोन दिवस भट्टीवर दोन्ही गवतं वेगवेगळी उकळली. प्राध्यापक बाही वर सारून शेठजींच्या जुन्या मिस्त्रीशी आचेबद्दल वाद घालत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं, तर शेठजी स्वतः त्यांना वडिलांच्या वेळची रीत समजावून सांगत होते. मास्तर एका दगडावर बसून बाटल्यांच्या चिठ्ठ्या लिहीत होते. जागा, दिवस, गवत कोणी ओळखलं, कोणी कापलं. प्राध्यापक म्हणाले की एवढं कशाला, नंबर पुरेसा आहे. मास्तरांनी ऐकलं नाही.

महिन्याभरात नागपूरहून निकाल आला. उतारावरचं तेल अस्सल होतं. नाल्यातलं वेगळं होतं, पण त्यातही भेसळ काही नव्हती. मुंबईच्या व्यापाऱ्यानं उतारावरचा माल घेतला. नाल्यातल्या तेलालाही साबणवाला निघाला, फक्त त्याच्या खऱ्या नावानं. साहेबांनी नोटीस मागं घेतली आणि पुढच्या हंगामासाठी हद्दी पुन्हा आखल्या, या वेळी लच्छमाबाईंना बरोबर घेऊन. गवत निवडायचं काम त्यांच्या टोळीकडं आलं. त्या साली पोडावरून कोणी तेलंगणात गेलं नाही. पुढं प्राध्यापकांचे विद्यार्थी दर वर्षी येऊ लागले, शेठजी त्यांना भट्टीवर उतरवून घेत, आणि आमचं खातं त्यांना जंगलात फिरायचा परवाना देई. आता अशा गोष्टींना मोठमोठी नावं आहेत. तेव्हा ती फक्त दर दिवाळीनंतर होणारी एक गोष्ट होती.

प्राध्यापकांनी यावर इंग्रजीत लेख लिहिला आणि छापण्याआधी त्याचा मसुदा मास्तरांना पाठवला. तो मी त्यांना मराठीत समजावून सांगितला. शेवटी आभार होते: खात्याचे, शेठजींचे, वाचनालयाचे, आणि ‘स्थानिक आदिवासींचे’. मास्तरांनी त्याच दिवशी कार्ड लिहिलं. त्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यात कायमचं बसलं आहे. ‘स्थानिक आदिवासी हे कोणाचं नाव नाही, बाटलीवरच्या चिठ्ठीत नाव लिहिलेलं आहे.’ मला वाटलं, प्राध्यापक रागावतील. ते रागावले नाहीत. त्यांनी नाव घातलं.

लेख छापून आला तेव्हा आम्ही दोघं तो घेऊन पोडावर गेलो. मास्तरांनी ती ओळ बोट ठेवून वाचून दाखवली. लच्छमाबाईंनी ती दोनदा वाचायला लावली आणि मग म्हणाल्या, हे माझं नाव नाही. छापणाऱ्यांनी लक्ष्मीबाई केलं होतं. मी हसलो. मास्तर हसले नाहीत. त्यांनी पुन्हा कार्ड टाकलं. पुढच्या अंकात एका कोपऱ्यात दोन ओळींची दुरुस्ती आली, आणि तीही आम्ही जाऊन वाचून दाखवली. तेव्हा बाई समाधानानं मान हलवून म्हणाल्या, “आता मी हाय.”

प्राध्यापकांनी मास्तरांना आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात यायला सांगितलं होतं. पगार इथल्यापेक्षा बराच जास्त होता. मास्तरांनी दोन दिवस विचार केला आणि नाही म्हणून कळवलं. मी कारण विचारलं, तर म्हणाले, “तिथं माहिती आहे, आन् ते घ्याले माणसं बी आहेत. इथं माणसं पडून आहेत, माहितीही पडून आहे. दोघाइची गाठ घालणारा पाहिजे ना कोणी.” त्यांच्या घरच्यांना हा निर्णय कितपत आवडला, मला ठाऊक नाही. पण त्यांच्या मोठ्या मुलीला त्या प्राध्यापकांनीच पुढं नागपूरच्या कॉलेजात घेतलं आणि राहायची सोय करून दिली.

त्या प्रकरणानंतर तीन वर्षांनी माझी चांद्याला बदली झाली. पत्रं चालू राहिली, जोडकार्डंच. त्यांच्या कार्डात स्वतःबद्दल काही नसे, प्रश्न असत. चांद्याकडं बांबूचे किती प्रकार आहेत, तिथले बुरूड कोणता पसंत करतात. ते गेल्याचं मला त्यांच्या मुलीच्या पत्रातून कळलं, आणि तेही उशिरा. मी रजा काढून गेलो. वाचनालयात खोकी जागच्या जागी होती, आणि कमिटीनं त्यांच्यासाठी एक कपाट करून घेतलं होतं.

पण मास्तर म्हटले की मला आठवतो तो बदलीच्या आधीचा रविवार. इतकी वर्षं त्या गावात काढून मी एकदाही त्यांच्या घरी गेलो नव्हतो. त्यांनी बोलावलं नव्हतं, आणि मीही विषय काढला नव्हता. दोघांनाही कारण ठाऊक होतं. त्या दिवशी मीच म्हणालो की उद्या निघतोय, आज तुमच्याकडं जेवायला येतो. ते म्हणाले, चला.

गावाच्या कडेला त्यांची वस्ती होती. सारवलेलं अंगण, कुडाच्या भिंती, आत बुद्धाची एक तसबीर. वहिनींनी ज्वारीची भाकरी, पातोडीची रस्साभाजी आणि कांदा असं वाढलं. पाणी मास्तरांनी स्वतःच्या हातानं दिलं. तांब्या खाली ठेवला नाही, माझ्या हातात दिला. आम्ही जेवून अंगणात बसलो, तर वस्तीतली माणसं एकेक करून जमू लागली. एका म्हातारीनं मला निरखून पाहिलं आणि विचारलं, “हे कोन व्हय?”

मी माझा हुद्दा सांगणार होतो. त्याआधी मास्तर म्हणाले, “हे माहे दोस्त. जंगलातलं काही इचारायचं असंल त यायले इचारा. खरं सांगतात.”

मग प्रश्न सुरू झाले. सरपणाचा परवाना कुठं मिळतो, पडलेलं लाकूड आणलं तर गार्ड का अडवतो, मोहाची फुलं कोणत्या हद्दीतून वेचता येतात. उन्हं उतरेपर्यंत मी त्या अंगणात बसून उत्तरं देत होतो. जे ठाऊक होतं ते सांगितलं. जे ठाऊक नव्हतं, त्याला मला ठाऊक नाही असं म्हणालो. सात वर्षांच्या नोकरीत ते शब्द मी पहिल्यांदाच उच्चारत होतो, आणि समोरचं एकही माणूस उठून गेलं नाही.